न पाहिलेली दारं

कोरीट, ५ फेब्रुवारी १९५९

नवलभाऊ,

तुला नमस्कार लिहायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही. आधी भांडण लिहिते, मग जागा उरली तर नमस्कार.

माझ्या लग्नाला तू आला नाहीस. लंडनहून येणं म्हणजे प्रकाशाहून नंदुरबारला येणं नव्हे, एवढं मलाही कळतं. पण पत्र? एवढ्या दिवसांनी तुझं पत्र येतं आणि त्यात काय, तर तिकडे बर्फ पडतो आणि चहा पातळ असतो. बहीण जिवंत आहे का, सासर कसं मिळालं, हे शेवटच्या ओळीत. तेही कागद संपत आला म्हणून आडवं लिहिलेलं!

सासर चांगलं मिळालं. तुझे मेहुणे पितांबर शेती करतात, वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात आणि माझ्यावर अजून एकदाही ओरडलेले नाहीत. ओरडण्याचं खातं सासूबाईंकडे आहे. सुंदरबाई त्यांचं नाव. आवाज असा, की आमच्या ओट्यावरून बोलल्या तरी तापीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावा. मनानं वाईट नाहीत. फक्त मी हळू काम करते असं त्यांचं म्हणणं आहे.

मागच्या महिन्यात माहेरी, प्रकाशाला गेले होते. बापूंना म्हटलं, नवलभाऊचं पत्र आलंय. बापू बैलाची पाठ चोळत होते. त्यांनी बैलालाच विचारलं, "कोन रे नवल?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर व्हयना, आन् बेडका फाडाले विलायतले गया. आठे तापीमा काय बेडका नहीत?"

तेव्हा आता तूच सांग, तू तिथं करतोस तरी काय? प्रकाशाला दवाखाना काढून बसला असतास तर बापूंनी गावभर तुझी हत्तीवरून मिरवणूक काढली असती. ते सोडून बेडकात असं काय आहे? मला समजेल असं लिही. सातवी पास आहे मी, विसरू नकोस.

जागा उरली. नमस्कार.

भिकू


कोरीट, २१ मे १९५९

नवलभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सकाळी, तेव्हा समजलं. दुसऱ्यांदा संध्याकाळी, तेव्हा अक्षरं दोन-दोन दिसायला लागली म्हणून ठेवून दिलं. उन्हाळा फार आहे यंदा.

मला काय कळलं ते लिहिते, चुकलं तर कान धर. बोट हलवायचं तर मेंदूतून निघालेली शीर बोटाच्या स्नायूपर्यंत येते, पण त्याला चिकटत नाही. मधे बारीकशी फट असते. शिरेच्या टोकातून एक रसायन त्या फटीत पडतं. स्नायूच्या पेशीवर जे पातळ आवरण आहे त्यात इतकी बारीक दारं आहेत की कुठल्याही भिंगातून दिसत नाहीत. ते रसायन दाराला लागलं की दार उघडतं, मिठातले विजेचा भार घेतलेले कण आत घुसतात आणि स्नायू आखडतो. लगेच दुसरा एक रस येऊन ते रसायन पुसून टाकतो, म्हणजे दार पुन्हा बंद. हे सगळं पापणी लवायच्या आत. आणि तू बेडकाच्या पायात काचेची केसाएवढी नळी खुपसून ती वीज मोजतोस.

म्हणजे दारं कुणी पाहिलेलीच नाहीत! न पाहिलेल्या दारांसाठी बापाचं घर सोडलंस. धन्य आहे तुझी.

सासूबाईंनी विचारलं, भाऊ काय लिहितो? मी सांगितलं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इतला शिकना, आन् दाराले कडी लावाले गया."

मला इतकं हसू आलं! पण हल्ली माझ्या हसण्याचं एक विचित्रच झालंय. मी हसते तेव्हा ओठांचे कोपरे वर जातच नाहीत. वरच्या ओठाचा मधला भाग तेवढा वर उचलला जातो, कुत्रं गुरगुरतं तसा. आरशात बघून मलाच भीती वाटली. सासूबाईंना वाटलं मी त्यांना वेडावते. दोन दिवस बोलल्या नाहीत. तसा तेवढा आराम पडला.

डावी पापणीही खाली उतरते. गल्लीतल्या बायका म्हणतात, भिकुबाई डोळा मारते. कुणाला मारते ते मात्र अजून ठरायचंय.

तू काळजी करू नकोस, मी मजेत आहे. तिकडे भाकरी मिळत नाही तर काय खातोस?

भिकू


कोरीट, ३ सप्टेंबर १९५९

नवलभाऊ,

यंदा श्रावणात कानबाई देवी आमच्याकडे बसली होती. तुला आठवत असेल, माहेरी कानबाईची गाणी मीच सांगायची आणि बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. इथंही मागच्या वर्षी मीच सांगितली. सासूबाईंनी तेव्हा सगळ्या भाऊबंदांत माझा आवाज मिरवला होता.

यंदा दिवेलागणीला बसलो. पहिलं गाणं झालं. दुसऱ्यात आवाज नाकातून यायला लागला. तिसऱ्यात नुसता वारा. शब्दच उमटेनात. बायका थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी काय करावं, तर हसले. आणि माझं हसणं कसं झालंय ते तुला सांगितलंच आहे. भर कानबाईपुढे सून दात काढून गुरगुरली असं झालं.

सासूबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अगदी ठीक होते, मोकळ्या आवाजात त्यांना हाक मारली. तर त्या पितांबरांना म्हणाल्या, "दख, सकायमा बोलस, सांजले मुकी व्हस. हाई नाटक नही त काय शे?"

त्यांचं तरी काय चुकलं? मला स्वतःलाच कधी कधी वाटतं, हे नाटक असेल. सकाळी मी पाण्याचे दोन हंडे आणते. संध्याकाळी केस विंचरायला हात वर जात नाही. असा कुठला आजार असतो जो झोपला की बरा होतो?

एका भगताला बोलावलं होतं. त्यानं लिंबू ओवाळलं आणि सांगितलं की माहेरच्या कुणाची तरी ओढ लागलीय. सासूबाईंनी लगेच माझ्याकडे बघितलं. आता माझी माहेरची ओढ म्हणजे बापू आणि तू. एक बैलाशी बोलतो, दुसरा बेडकाशी.

तुझ्या त्या नळीनं बेडकाच्या पायात वीज नक्की कशी कळते ते सविस्तर लिही. मी वाचेन. हळूहळू वाचेन, पण वाचेन.

भिकू


कोरीट, १८ नोव्हेंबर १९५९

नवलभाऊ,

हे अक्षर माझं नाही, तुझ्या मेहुण्यांचं आहे. हाताला मुरगळ आहे म्हणून मी सांगते आणि ते लिहितात. त्यांनी एक शब्दही पदरचा घालायचा नाही असं ठरलं आहे.

पाऊसपाणी चांगलं झालं. कापूस वेचायला आला आहे. सासूबाई बऱ्या आहेत. मी मजेत आहे. भाकरी चावायला वेळ लागतो म्हणून मी हल्ली दूध-भात खाते, तोही आवडतो म्हणून. एवढंच. तू स्वेटर घालत जा.

आता ती आत जाऊन पडली आहे. पुढचं माझं स्वतःचं आहे.

नवलभाऊ, आपली भेट नाही, तरी उघड लिहितो, राग मानू नका. मुरगळ वगैरे काही नाही. भिकूला संध्याकाळी पेन धरवत नाही. जेवताना जबडा थकतो, मग ती हातानं हनुवटी वर ढकलून चावते. आम्ही बघू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवते. परवा पाण्याचा घोट नाकातून बाहेर आला आणि श्वास अडकला. ती निळी पडली होती. मी पाठीवर थापा मारल्या तेव्हा परत आली. परत आल्याबरोबर म्हणाली, "माहेरी लिहायचं नाही."

आईचं म्हणणं पडलं आहे की तिला प्रकाशाला पोचवून यावं. नातेवाईकही काही काही सुचवतात, ते लिहीत नाही. मी आईला सांगितलं, तिला पोचवायचं तर मला पण पोचव. पण नुसत्या बोलण्यानं ती बरी होणार नाही. तुम्ही डॉक्टर आहात. बेडकांचे का असेना. सकाळी चांगली आणि संध्याकाळी अशी, हे काय आहे?

आपला,
पितांबर


कोरीट, १० जानेवारी १९६०

नवलभाऊ,

फितूर! तुम्ही दोघंही फितूर! मी झोपलेली बघून तुझे मेहुणे माझ्याच पत्रात घुसले आणि तू लगेच नंदुरबारच्या प्रेमचंद डॉक्टरांना तार ठोकलीस. गावात तार आली म्हणजे कुणीतरी गेलं असंच लोक धरतात. प्रेमचंद डॉक्टरांचा माणूस ती तार घेऊन आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोघी रडायलासुद्धा लागल्या होत्या, मी त्यांच्यासमोर उभी असताना.

डॉक्टरांनी तुझं लांबलचक पत्र समोर ठेवून मला तपासलं. आढ्याकडे बघत राहायला सांगितलं. मी बघत राहिले आणि दोन्ही पापण्या आपोआप खाली आल्या, दुकानाच्या फळ्या लागाव्या तशा. मग मोठ्यानं आकडे म्हणायला लावले. थोड्याच वेळात आवाज नाकात गेला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, हे नाटक नाही," ते म्हणाले. "तुमच्या भावानं हजारो कोसांवरून ओळखलं, मी इथं शेजारी बसून ओळखलं नसतं."

ते एक वाक्य ऐकून मी इतकी रडले की सासूबाई घाबरल्या. त्यांना वाटलं मी मरणार. मला तर उलट वाटत होतं. मी खोटं करत नाही हे कुणीतरी शिक्का मारून सांगितलं, याचंच रडू.

ते म्हणाले, मायस्थेनिया म्हणतात याला. मी विचारलं, म्हणजे माझी दारं उघडत नाहीत का? त्यांनी तुझ्या पत्रात बघितलं आणि हसले. तू तेच लिहिलं होतंस! शिरेतून निरोप निघतो, पण दारं त्याला पुरेशी दाद देत नाहीत, का ते अजून कुणाला ठाऊक नाही. निओस्टिग्मिन नावाचं औषध आहे. ते पुसून टाकणाऱ्या रसाला अडवतं, म्हणजे रसायन जास्त वेळ फटीत राहतं आणि दारावर जास्त वेळ थापा मारतं.

नंदुरबारला ते औषध नाही. सुरतेलाही मिळालं नाही. मुंबईहून आणायला हवं.

आता नीट बसून वाच. पितांबर प्रकाशाला जाऊन बापूंना सांगून आले. बापू दुसऱ्या दिवशी कोरीटच्या ओट्यावर हजर. पहिलं वाक्य, "माले कसाले कोनी सांगं नही?" मी चहा केला, तो प्यायला नाही. नुसते माझ्या पापणीकडे बघत राहिले.

मग म्हणाले, मुंबईला मी जातो.

पण डॉक्टरांनी अट घातली. मुंबईच्या औषधवाल्याला दाखवायला तुझं पत्र बरोबर न्यावं लागेल. बापूंनी ते पत्र हातात धरलं, भाऊ. तुझं अक्षर. घरी आलेली तुझी पत्रं त्यांनी न फोडता पोस्टमनच्या पिशवीत परत टाकली होती. हे पत्र त्यांनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून हात ठेवूनच टांग्यात बसले.

अजून परतले नाहीत.

भिकू


कोरीट, २ फेब्रुवारी १९६०

नवलभाऊ,

हे पत्र मी संध्याकाळी लिहिते आहे. परत वाच. संध्याकाळी!

बापू आले तेव्हा नंदुरबार स्टेशनावर आम्ही सगळे होतो. डब्यातून उतरतानाच बोलत होते. पितांबरांचा हात धरून म्हणाले, "जवाई, तुमले ठाव शे का, शीर स्नायूले चिकटेल नही ऱ्हास! मधमा फट ऱ्हास!"

जाताना गाडीत एक तिकीट तपासनीस भेटला, त्याच्याकडून त्यांनी तुझं इंग्रजी पत्र वाचून घेतलं. येताना एक शाळामास्तर भेटले, त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, पहिल्यानं काही गाळलं असेल म्हणून. मास्तरांनी विचारलं, हे डॉक्टर आपले कोण? तेव्हा बापूंनी काय सांगितलं ते ते सांगत नाहीत. मी पण विचारलं नाही.

आम्ही थेट दवाखान्यात गेलो. दुपार उतरली होती, म्हणजे माझी वाईट वेळ. दोन्ही पापण्या मिटत आलेल्या. मी मान मागं टाकून फटीतून बघत होते. सासूबाई एका बाजूला, बापू एका बाजूला, पितांबर दारात. डॉक्टरांनी सुई टोचली आणि म्हणाले, वाट बघा.

पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं. मग पोटात असं गुडगुडलं की सासूबाईंनी बापूंसमोर पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, औषध पापणीचा रस्ता चुकून पोटात गेलं. डॉक्टर म्हणाले, पोटातसुद्धा तसलीच दारं आहेत, थोडं होणारच.

आणि मग पडदा वर जावा तशी डावी पापणी वर गेली. मागोमाग उजवी. खोली एकदम मोठी झाली. सगळ्या वस्तू एक-एकच दिसायला लागल्या. मी सरळ बघितलं तर समोर सासूबाई. किती दिवसांनी त्यांना नीट बघत होते! बाई वाळल्या होत्या. माझ्या काळजीनं वाळल्या असाव्यात हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, "सासूबाई." आवाज खणखणीत. नाकातून नव्हे, छातीतून. आणि मला हसू आलं. दोन्ही कोपरे वर गेले.

सुंदरबाई बघतच राहिल्या. "अशी हासस का व तू?" त्या म्हणाल्या. "मी त समजनी, माले पाहीसनच तुन्हं तोंड वाकडं व्हस." आणि त्यांनी दवाखान्यात, सगळ्यांसमोर, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. रडल्या मात्र आपल्या नेहमीच्या आवाजात. बाहेरचे पेशंट उठून बघायला आले.

मी मग बोलत सुटले. डॉक्टरांशी, कंपाउंडरशी, बाहेर बसलेल्या पेशंटांशी. घरी येताना बैलगाडीत गाणी सांगितली आणि सासूबाईंनी मागून म्हटली. गाडी गावात शिरेपर्यंत औषध उतरायला लागलं, पापण्या पुन्हा जड झाल्या. पण आता भीती वाटली नाही. आता गोळ्या आहेत.

आजार गेलेला नाही, हे तू लिहिलंस, डॉक्टरांनीही सांगितलं. गोळी घेतली की दोन-तीन तास माझे. मग पुन्हा गोळी. जेवणाआधी घ्यायची म्हणजे चावता येतं. काल मी बाजरीची भाकरी खाल्ली, भिंतीकडे पाठ करून, सगळ्यांत बसून. पितांबर स्वतः जेवायचं विसरून माझ्या ताटाकडे बघत होते. मी म्हटलं, माझ्या ताटातलं काही मिळणार नाही.

भिकू


कोरीट, ९ जानेवारी १९६१

नवलभाऊ,

तू विचारलंस बापू माझ्याशी तुझ्याबद्दल काही बोलतात का. बोलत नाहीत. पण बाकी सगळ्या जगाशी बोलतात. चावडीवर, बाजारात, नावेत. नावाडीसुद्धा आता शीर आणि फट सांगतो.

त्याहून पुढचं ऐक. बापूंना नाद लागलाय. ज्याची पापणी खाली दिसेल त्याला धरून प्रेमचंद डॉक्टरांकडे नेतात. पहिला नेला तो एक हमाल. डॉक्टर म्हणाले, याला झोप पुरत नाही. दुसरा नेला तो अफू खायचा. डॉक्टरांनी हात जोडले, "भाईदासबापू, आता पुरे." बापू म्हणाले, "बरं."

मग सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आली. बापू दरवर्षी घोडे बघायला जातात. यंदा माणसं बघत हिंडले. तोरणमाळकडून करमसिंग म्हणून एक माणूस मध विकायला आला होता. त्याच्या मागं त्याची बहीण कालीबाई, डोकं मागं टाकून बसलेली. पोरं तिच्याकडे बघून पळत होती. वर डोंगरातही लोक तिच्या नजरेला भीत, तिच्या हातचं पाणी घेत नसत. ती कुणाकडे बघून हसली की लोकांना वाटे, दात दाखवून शाप देते.

बापूंनी यात्रा तिथंच सोडली. करमसिंगला पटवायला त्यांना संध्याकाळ झाली. शेवटी मला बोलावून घेतलं. मी गोळी न घेता तिच्यासमोर जाऊन बसले, माझ्या पापण्या तिच्यासारख्याच खाली येऊ दिल्या. तिनं माझ्या चेहऱ्याला हात लावून बघितला. मग करमसिंगला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "येते म्हणते."

डॉक्टरांनी बापूंना बघून कपाळाला हात लावला. पण सुई टोचली.

भाऊ, मी माझ्या वेळी आतून बघितलं होतं. या वेळी बाहेरून बघितलं. तिचे डोळे उघडले. काळेभोर, मोठे. तिनं करमसिंगच्या झोळीत हात घालून मक्याची भाकर काढली, चांगली कडक झालेली, आणि खायला लागली. सावकाश, एकेक घास चावून. दवाखान्यात कुणी हललं नाही. भाकर संपली तेव्हा तिनं वर बघितलं आणि आम्हाला सगळ्यांना हसली. आणि नवलभाऊ, काय देखणी बाई आहे ती!

करमसिंग जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

बापू बाहेर निघून गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. कडुनिंबाखाली उभे होते, पागोटं काढून हातात घेतलेलं. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "नवलले लिख."

मी म्हटलं, काय लिहू?

"लिख, दुसरी सापडनी. आन् लिख, बापूनी शोधी." त्यांनी पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. "आन् लिख, आते तू ये. तिसरी आपन दोन्ही जन शोधूत."

भिकू